डावीकडून सातवे (अंशतः)

पेशव्यांचे दिल्लीतील वकील हिंगणे यांनी अठराव्या शतकात यमुनेच्या काठावरून पुण्याला जी बातमीपत्रे धाडली, ती ज्यांनी हिंगणे दप्तरात चाळली असतील त्यांना हे ठाऊक असेल की, पातशहाची मर्जी कोणावर खप्पा झाली, कोणत्या सरदाराची फौज पगारावाचून धरणे धरून बसली आणि अब्दालीच्या स्वारीची हूल कितपत खरी, हा सर्व मजकूर तपशिलवार कळवताना त्या सावध गृहस्थांनी लेखणीला फारसा संकोच पडू दिला नाही. त्यांच्या मागून दिल्लीत आलेल्या मराठी माणसांनी बव्हंशी सरकारी कचेऱ्यांत फायली चालवल्या, आणि फाईल चालवणाऱ्या माणसाला बातमी कळली तरी ती कळली नसल्याचा चेहरा करावा लागतो. तथापि ती परंपरा अगदीच खंडित झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. करोल बागेत, अजमल खान रोडच्या पिछाडीच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तिचे एक वारसदार नांदत आहेत. परवापरवापर्यंत ते शहराच्या कडेला असलेल्या, जोगिणींच्या एका संघाने चालवलेल्या मुलींच्या लहानशा कॅथलिक महाविद्यालयात इतिहास शिकवीत आणि त्या महाविद्यालयाच्या त्रैमासिक वार्तापत्राचे संपादन करीत. यांपैकी पहिले काम उपजीविकेचे होते आणि दुसरे जीविताचे.

गल्लीतले पंजाबी दुकानदार त्यांना ‘प्रोफेसर साब’ म्हणतात, सिस्टर मंडळी ‘सर’ म्हणतात आणि करोल बागेतली उरलीसुरली मराठी बिऱ्हाडे ‘संपादक’ म्हणतात. आपणही तेच म्हणू, कारण नाव दिल्याने हा मनुष्य एकटा ठरेल आणि तो एकटा मुळीच नाही. सहकारी बँकेच्या गृहपत्रिकेत, महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत, ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक अहवालात, जेथे जेथे काही घडत नाही आणि ते छापावे मात्र लागते, तेथे तेथे हा प्रकार आढळतो. परंतु लहान कॅथलिक महाविद्यालयाच्या जमिनीत तो जितका फोफावतो तितका अन्यत्र क्वचितच.

करोल बागेच्या दृष्टीने दिल्लीतले प्रत्येक मिशनरी महाविद्यालय कॅथलिकच असते. सेंट स्टीफन्स १८८१ साली केंब्रिज मिशनने काढले असून ते मूळचे अँग्लिकन पंथाचे आहे, आणि १९६८ सालचे जीझस अँड मेरी कॉलेज तेवढे कॅथलिक जोगिणींचे आहे, हा भेद संपादकांनी हळदीकुंकवाला जमलेल्या स्त्रियांना अनेकदा विशद करून सांगितला. त्यावर ‘म्हणजे दोन्हीकडे नाताळची सुट्टी असतेच ना?’ एवढीच पृच्छा झाली. त्यांचे स्वतःचे महाविद्यालय या दोहोंच्या तुलनेने इतके लहान होते की, तेथे दोन मुली सर्दीने घरी राहिल्या तर एखाद्या वर्गाची हजेरी निम्म्यावर येई. सिस्टर केरळातल्या नाही तर छोटा नागपूरच्या, विद्यार्थिनी बहुतांशी पंजाबी हिंदू आणि शीख, हिशेबनीस तमिळ आणि इतिहासाचे अध्यापक देशस्थ ऋग्वेदी. या सर्वांना एका छत्राखाली आणण्याचे कार्य प्रार्थनेइतकेच वार्तापत्रही करी, कारण प्रार्थनेत स्वतःचे नाव येण्याची शक्यता कमी असते.

वर्षाचे पंचांग मुळातच अनुकूल होते. पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्यदिन, आणि त्याच दिवशी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. म्हणजे एका झेंड्याखाली दोन बातम्या. पाच सप्टेंबरला शिक्षकदिन आणि मदर तेरेसा यांचा स्मृतिदिन. आठ सप्टेंबरला मरियेचा जन्मोत्सव, ज्याच्या निमित्ताने वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा भरते, तो अनेकदा गणपतीच्या दिवसांत येई. अशा वर्षी संपादक सकाळी चॅपलच्या दारात टिपणवही घेऊन उभे राहत आणि संध्याकाळी मंडळाच्या आरतीत तीच वही उलट्या बाजूने उघडीत. तीन डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर, मग गव्हाणीची सजावट, मग नाताळचा केक, मग राखेचा बुधवार. मधल्या रिकाम्या जागा प्राचार्या सिस्टरांचा नामदिन, रक्तदान, रोपलावणी आणि एखाद्या वृद्ध सिस्टरच्या व्रतबंधनाचा सुवर्णमहोत्सव यांनी भरून निघत. रोप दरवर्षी त्याच खड्ड्यात लावले जाई. आदल्या वर्षीच्या रोपाचे काय झाले हा प्रश्न वार्तापत्राच्या कक्षेबाहेरचा होता.

कक्षेबाहेर काय ठेवायचे याविषयी संपादकांची धोरणे मुत्सद्द्याला साजेशी होती. संस्थेत अप्रिय असे काही घडतच नाही हा त्यांचा सिद्धान्त होता, आणि घडलेच तर ते अशा शब्दांत नोंदवावे की ज्याला ठाऊक आहे त्याला कळावे व ज्याला ठाऊक नाही त्याला आनंद व्हावा. कालांतराने या शब्दांचा एक कोशच तयार झाला, आणि वाचकवर्ग त्यात इतका पारंगत झाला की मजकुरापेक्षा कोशच अधिक आवडीने वाचला जाऊ लागला. ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ असे आले की माईक बंद पडला होता हे निश्चित समजावे. ‘मोजक्या रसिकांच्या उपस्थितीत’ याचा अर्थ, व्याख्यात्यांना घेऊन आलेला वाहनचालकही श्रोत्यांत धरला होता. प्रमुख पाहुण्यांनी ‘समयोचित’ भाषण केले म्हणजे ते लांबले, आणि ‘ओघवते’ केले म्हणजे कोणालाच कळले नाही. एक अध्यापिका प्राचार्यांशी कडाक्याचे भांडण करून भर सत्रात राजीनामा फेकून गेल्या, तेव्हा ‘त्यांची उणीव दीर्घकाळ जाणवत राहील’ असे छापून आले. प्राचार्यांनी ते वाक्य सद्भावनेने वाचले आणि उरलेल्या सर्वांनी अक्षरशः खरे मानले, कारण त्या जागेवर पुढे दोन वर्षे कोणी रुजूच झाले नाही.

मात्र संपादकांची खरी कसोटी छायाचित्राखालच्या ओळीत लागे. बातमी कोणी वाचत नाही, नावे सर्व वाचतात, हे सत्य त्यांना फार पूर्वीच उमगले होते. एका हिवाळ्यात संघाच्या प्रांताधिकारी मदर प्रोव्हिन्शियल यांची भेट ठरली. आठवडाभर भिंतींना चुना लागला, शेवंतीच्या कुंड्या भाड्याने आल्या आणि आयत्या वेळी सर्वांचा एक समूहफोटो निघाला. तो छपाईला धाडण्यापूर्वी संपादक रात्री दिव्याखाली भिंग घेऊन बसले असता त्यांच्या असे ध्यानात आले की, उजव्या कडेला सहा व्यक्तींनंतर राखाडी स्वेटराचे एक कोपर तेवढे आले आहे. ते कोपर ग्रंथपालांचे होते. ते वगळावे तर ग्रंथपाल वर्षभर संदर्भग्रंथ देणार नाहीत. कोपरासकट कड कापून टाकावी तर मदर प्रोव्हिन्शियल यांच्या शेजारी उभ्या असलेल्या उपप्राचार्यांचा कान जातो. आणि पूर्ण नाव द्यावे तर सत्याचा अपलाप होतो. उत्तररात्री त्यांना मार्ग सापडला. ‘डावीकडून सातवे (अंशतः)’ असे लिहून त्यांनी पुढे ग्रंथपालांचे नाव, पदव्यांसह, छापले. ग्रंथपालांनी त्या अंकाच्या पाच प्रती मागून घेतल्या. त्यांतली एक चौकटीत बसवून वाचनालयात लावलेली आम्ही समक्ष पाहिली आहे. तीत कोपर फार सुबक आले आहे.

या निर्वेध राज्यात पहिला उपद्रव झाला तो विद्यार्थिनी-प्रतिनिधी नेमण्याच्या टुमेमुळे. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने, जिला कोशाचा गंधही नव्हता, उपाहारगृहावरचा वृत्तान्त लिहून आणला. त्यात समोशाची किंमत वाढल्याचे, समोसा लहान झाल्याचे, मुलींनी उपाहारगृहाच्या पायऱ्यांवर दुपारभर ठाण मांडल्याचे आणि शेवटी सिस्टरांनी स्वयंपाकघरात जाऊन स्वतः एक समोसा तराजूत घालून पाहिल्याचे सरळ लिहिले होते.

“हे सगळं घडलं?” संपादकांनी विचारले.

“हो सर. मी पायरीवरच होते.”

“मग तर तुला लिहिताच येणार नाही. तू पक्षकार झालीस.”

“सर, बाकीच्या सगळ्याही पायरीवरच होत्या. वर्गात कोणी नव्हतंच.”

वृत्तान्ताचे त्यांनी जे संस्करण केले ते असे छापले गेले : ‘उपाहारगृहाच्या व्यवस्थेसंबंधी विद्यार्थिनींशी खुल्या वातावरणात विचारविनिमय झाला.’ पायऱ्या उघड्यावर होत्या, तेव्हा वातावरण खुले होते हे तरी कोणाला नाकारता येईना. मुलीने तो अंक वाचला, काही बोलली नाही, आणि पुढल्या तिमाहीला पुन्हा तसाच वृत्तान्त घेऊन आली. अशी माणसे संस्थेत फार काळ टिकत नाहीत अशी आमची समजूत होती. ती मात्र तिन्ही वर्षे टिकली.

करोल बागेतही संपादकांचे टीकाकार होते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची गलाई करणारी माणसे हिंदुस्थानभर सोन्याचांदीच्या पेठांतून पसरली आहेत. सराफीची मोठी पेठ असलेल्या करोल बागेतही ती आहेत. त्यांपैकी एकाची भट्टी संपादकांच्या खालच्या गल्लीत होती. दर तिमाहीला एक प्रत त्यालाही भेट जाई आणि तो ती मुशीच्या उजेडात पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाची, हे विशेष. एकदा तो म्हणाला, “सर, आमी सोनं आटीवतो, तवा हीण जळून जातंय आन् सोनं ऱ्हातंय. तुमच्या कागदात काय जळतंय म्हनायचं?” संपादकांनी या प्रश्नाचे स्वागत केले, त्याला चहा पाजला आणि पुढल्या अंकात ‘वाचकांच्या बहुमोल सूचना प्राप्त झाल्या’ अशी नोंद घेतली.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की, दोन जगांत पाय ठेवून जगणाऱ्या या गृहस्थाला एकदा तरी दोन्हीकडची बातमी एकच मिळाली. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले. धर्मगुरूच्या निवडीवरून महाराष्ट्रात वादाची राळ उडाली, ती संपादकांनी अर्थातच पाहिली नाही. त्यांनी अख्खे पान दिले, १६१६ साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओवीत छापले गेले तेथपासून सूत्र आणले, आणि केरळच्या सिस्टरांना ओवी म्हणजे काय ते फळ्यावर अक्षरे मोजून दाखवले. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. मंडळाच्या सभेतही तेच पान वाचले गेले आणि तेथेही टाळ्या पडल्या. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतले ते एकच पान असे होते की ज्यात कोशातला एकही शब्द नव्हता. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत, १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली भरल्यानंतर प्रथमच, संमेलन दिल्लीला आले. तालकटोरा स्टेडियममध्ये डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखालील त्या संमेलनात संपादक तिन्ही दिवस मागच्या रांगेत बसून होते. ‘संमेलनात महाविद्यालयाचा सक्रिय सहभाग’ या मथळ्याने ती बातमी आली. सक्रियतेचा पुरावा म्हणून त्यांनी ग्रंथप्रदर्शनातून विकत घेतलेल्या पुस्तकांच्या पिशवीचे छायाचित्र छापले होते. पिशवी धरणारा हात त्यांचाच असावा.

मग नियत वयोमानानुसार सेवानिवृत्तीचा हुकूम आला. निरोपसमारंभ झाला, समई लागली, शाल-श्रीफळ झाले, मुलींनी भजन आणि सिस्टरांनी स्तोत्र म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी दस्तुरखुद्द फर्मावले की, शेवटचा अंक सरांनीच काढावा. संपादक करोल बागेतल्या आपल्या टेबलाशी बसले आणि त्यांच्यावर एक विलक्षण संकट ओढवले. आपल्या निरोपाची बातमी कोणत्या शब्दांत द्यावी? ‘उत्साहात पार पडला’ म्हणावे तर वाचक माईकची चौकशी करतील. ‘हृद्य वातावरणात’ म्हणावे तर मागे ज्या हिशेबनिसाला अफरातफरीच्या संशयावरून घरी पाठवले त्याच्या निरोपाला हाच शब्द वापरला होता. ‘त्यांची उणीव दीर्घकाळ जाणवत राहील’ हे तर त्यांनी लिहिण्यापूर्वीच खोडले. ‘अनौपचारिक’, ‘भावपूर्ण’, ‘संस्मरणीय’, एकेक शब्द त्यांनी कोशातून उचलून पाहिला. प्रत्येकाच्या मागे कोणाची ना कोणाची फजिती दडलेली होती. इतक्या वर्षांत मराठी भाषेतले एकही विशेषण त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवले नव्हते.

अखेरीस, पक्षकाराने वृत्तान्त लिहू नये हे स्वतःचेच सूत्र त्यांना आठवले आणि त्यांनी ते काम त्या समोसेवाल्या मुलीकडे सोपवले, जी आता तिसऱ्या वर्षाला होती. तिने दोनच वाक्ये पाठवली : ‘सरांना निरोप दिला. माईक चालू होता.’ संपादकांनी त्यात एका अक्षराचाही फेरफार केला नाही, असे छापखान्यातल्या माणसाने आम्हांस सांगितले. अंक बाहेर पडला, आणि माईक चालू होता म्हणजे नेमके काय बंद पडले होते, याविषयी अध्यापककक्षात महिनाभर तर्कवितर्क चालले; ग्रंथपालांचे मत असे पडले की पंखे.