अस्सलपणाचे दावेदार
जपानी शैलीचा सचेतपट, म्हणजेच ॲनिमे, हाडामांसाचे नट घेऊन पुन्हा चित्रित झाला की चाहत्यांचा निकाल बहुधा पहिल्या झलकीतच लागतो. २००९च्या ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’ची त्यांनी अशी काही संभावना केली की पटकथाकार बेन रॅम्झी यांना २०१६मध्ये जाहीर माफी मागावी लागली, २०१७च्या ‘घोस्ट इन द शेल’मध्ये जपानी नायिकेच्या जागी स्कार्लेट जोहान्सन आल्यावर गहजब झाला, मात्र १९९५च्या मूळ सचेतपटाचे दिग्दर्शक मामोरु ओशी यांना त्यात काही वावगे वाटले नाही, यावरून सोवळे देवापेक्षा भक्तांचेच अधिक कडक असते, असे मानण्यास जागा आहे.

मराठीत हा प्रसंग ‘चिंटू’वर आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या चित्रमालिकेतील हा मुलगा १९९१पासून रोज तीन-चार चौकटींत खोड्या करत होता आणि २०१२मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्याला पडद्यावर आणले, तोवर त्याचे वय तसूभरही वाढले नव्हते; ही सवलत कोणत्याही बालकलाकाराला मिळत नाही, त्याला यथाकाल मिसरूड फुटतेच, परंतु एवढ्या कारणावर चाहत्यांचे समाधान होईल ही अपेक्षा व्यर्थ होय.

परळी वैजनाथच्या रहिवाशाला मात्र अस्सलपणाचे वाद नवे नाहीत: बारा ज्योतिर्लिंगांतील वैद्यनाथ परळीचा की झारखंडातील देवघरचा, याविषयी दोन्ही पक्ष स्तोत्रातील आपापला पाठ पुढे करत आले आहेत, श्रावणात दोन्हीकडे दर्शनाच्या रांगा लागतात, आणि त्यांपैकी कोणी मूळ निर्मात्याकडे माफीनामा मागितल्याचे ऐकिवात नाही.