पिशवीबंदी

२०१८ च्या मार्चात महाराष्ट्र सरकारला पिशवीचा राग आला. २३ तारखेला अधिसूचना निघाली, जूनपासून पावती पुस्तकं घेऊन माणसं बाजारात फिरू लागली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये. मेथीची जुडी आता कशात न्यायची, यावर राज्यभर घमासान चर्चा झाली.

बीड जिल्ह्यात त्या वेळी दुसरीच पिशवीबंदी जोरात होती. तिला अधिसूचना लागली नाही. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी दवाखान्यांनी ४,६०५ पिशव्या काढल्या. हा आकडा जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिला. या पिशव्या प्लास्टिकच्या नव्हत्या, म्हणून मेथीइतकी चर्चा झाली नाही.

गर्भाशय हा शब्द पाठ्यपुस्तकातला. आमच्याकडे पिशवीच म्हणतात आणि सगळा घात त्या शब्दातच आहे. पिशवीला स्वतःची किंमत नसते, किंमत आतल्या सामानाची. सामान घरी पोचलं की पिशवी खुंटीला. या जिल्ह्यात शंभरातल्या चाळीसहून जास्त मुलींची लग्नं अठराच्या आत होतात, हे केंद्राची २०१९-२१ ची आरोग्य पाहणी सांगते. सोळाव्या वर्षी हळद, विशी-बाविशीपर्यंत दोन-तीन लेकरं, मग नसबंदी. पंचविशीत पोट दुखतं म्हणून बाई दवाखान्यात गेली की प्रश्न ठरलेला: लेकरं झाली ना? मग पिशवी ठेवून करायचं काय?

हाच हिशोब लावायचा, तर मुलं मार्गी लागलेल्या कितीतरी बापांचे बरेच अवयव आज विनाकाम पडून आहेत.

*

परवा धारूरहून केजला येताना एसटीत एक मावशी शेजारी बसल्या. चाळिशीच्या असतील, साठीच्या दिसत होत्या. गुडघे धरून बसलेल्या. चौकशी केली तर म्हणाल्या, "पिशवी काढल्यापासून हाडं बोलत्यात बया. अंगातून वाफा निघत्यात. डोकं भणाणतं."

"मग काढली कशाला?"

"कपडा घ्यायचं झंझट गेलं ना. आता खाडा न्हाई."

केज आलं. त्यांची गाठोडी उचलायला मी पुढे झाले, तर त्यांनीच ती झटक्यात डोक्यावर घेतली. "डॉक्टर म्हणला व्हता, वजन उचलू नको. मोळी काय त्यो येऊन उचलणार हाय?"

गर्भाशय मुठीएवढं असतं, वजन पन्नास-साठ ग्रॅम. उसाची मोळी तीस-चाळीस किलोची. बाईला जड काय होतं, तर म्हणे ती पन्नास ग्रॅमची वस्तू.

*

ज्यांना खाडा माहीत नाही, त्यांच्यासाठी. दसरा-दिवाळीला बीडचे लाखो लोक पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. जाण्याआधी मुकादम उचल देतो, ती सहा महिन्यांत ऊस तोडून फेडायची. हिशोब माणशी नसतो, कोयत्यावर असतो. एक कोयता म्हणजे नवरा अधिक बायको. म्हणजे बाई हिशोबात अर्धा कोयता. पण ती एक दिवस कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, पडून राहिली, की खाडा अख्ख्या कोयत्याचा. अनेक टोळ्यांत दिवसाला पाचशे रुपये दंड. त्या दिवशीची मजुरी बुडते ती वेगळी.

आता गणित मांडा. महिन्याचे चार दिवस, खाडा दोन हजार. सहा महिन्यांचे बारा. ऑपरेशनला तीस-पस्तीस हजार. तीन हंगामांत भांडवल वसूल, पुढचे सगळे हंगाम नफ्यात. एवढी चोख गुंतवणूक तर शहरातले आर्थिक सल्लागारही सुचवत नाहीत. वर सोय अशी, की ऑपरेशनचा खर्चही उचलीत धरता येतो. म्हणजे जो अवयव ऊसतोडीच्या आड येतो, तो काढायला कर्ज घ्यायचं आणि ते ऊस तोडून फेडायचं. हंगाम संपला की आपण चहात दोन चमचे साखर टाकून म्हणायचं, भाव फार वाढले बुवा.

*

इतका खर्च जिच्यावर केला, ती पाळी असते तरी काय? दर महिन्याला गर्भाशयाचं आतलं अस्तर गर्भासाठी जाड होतं. गर्भ राहिला नाही, की ते सुटून रक्ताबरोबर बाहेर पडतं. एकवीस ते पस्तीस दिवसांनी आली आणि दोन ते सात दिवस राहिली, तर सगळं ठीक. जाणारं रक्त सगळं मिळून साधारण तीस-चाळीस मिलिलिटर, म्हणजे टपरीवरचा अर्धा कटिंग. ते घाण नसतं, विटाळ नसतो आणि कावळ्याचा तर त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. कावळा उगाच बदनाम.

हे अर्धं कटिंग सांभाळायला लागतं किती? पाणी, आडोसा, साबण, स्वच्छ कपडा किंवा पॅड, दुखलं तर एखादी गोळी आणि थोडी पाठ टेकायला जागा. उसाच्या फडात यातलं काहीच नसतं. पहाटे चारला अंधारात कोयता हातात घ्यायचा. कोपीला न्हाणी नाही. पाणी लांबून आणायचं, ते पिण्याला पुरलं तर नशीब. एकच कपडा दिवसभर. पॅड असलं तरी चार-सहा तासांनी बदलायचं, असं पाकिटावर छापलेलं असतं. बदलायचं कुठं, ते छापलेलं नसतं.

कपडा वाईट असतो असं नाही. सुती असावा, थंड पाण्यातून काढून साबणाने धुवावा आणि कडक उन्हात वाळवावा. बीड जिल्ह्यात पाण्याची टंचाई असते, उन्हाची कधीच नाही. पण उन्हाचा मान कुरडया-पापडांना. कपडा वाळतो लुगड्याच्या घडीखाली, कोपीच्या कोपऱ्यात, कुणाच्या नजरेला पडणार नाही असा. तो अर्धओला परत वापरला, की आज ना उद्या खाज सुटते, अंगावरून पांढरं जायला लागतं, कंबर धरते. यातला बराचसा जंतुसंसर्ग वेळेवर दाखवलं तर थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो.

पण फडातून दवाखान्यात जायचं म्हणजे पुन्हा खाडा. मग सहा महिने अंगावर काढायचं आणि गावी परतल्यावर खासगीत दाखवायचं. तिथे सोनोग्राफी होते. याच जिल्ह्यात या यंत्राने एकेकाळी पोटात मुलगी आहे का ते शोधलं. २०११ च्या जनगणनेत हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या, ती त्याची पोचपावती. कायद्याचा धाक वाढला, तसं यंत्र दुसऱ्या कामाला लागलं. आता ते गाठ शोधतं. "गाठ दिसतीय, पुढं कॅन्सर होईल." एवढं एक वाक्य पुरतं. कॅन्सर म्हटल्यावर बाई दोन एकरांतलं एक विकायला तयार होते.

*

कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासणी करतात, हे बीडच्या दवाखान्यांना लांबून शिकायला लागलं नसतं. शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मंडळींनी ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला. एकदाच एचपीव्ही या विषाणूची तपासणी करून वेळेत उपचार केले, तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास येतात, हे त्यातून दिसलं. २००९ मध्ये ते छापून आलं आणि जगाने दखल घेतली. धाराशिवहून जगाला पोचलेलं ज्ञान बीडला मात्र पोचलं नाही. मध्ये मांजरा नदी आडवी आली असावी.

पिशवी कधीच काढू नये, असं नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव असेल, तर काढावीच लागते. तासातासाला पॅड बदलावं लागतंय, सातव्या दिवसानंतरही थांबत नाही, रक्ताच्या मोठ्या गुठळ्या पडतायत, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जातंय, चालताना दम लागतोय, यातलं काहीही असेल तर डॉक्टर गाठायलाच हवा. पण शेवटचा उपाय पहिल्या भेटीत झाला, की त्याला उपचार म्हणत नाहीत. पिशवी काढली की पाळी कायमची जाते; बरोबर बीजकोषही काढले तर तिशीतच रजोनिवृत्ती येते आणि वाफा, ठिसूळ हाडं, उडालेली झोप वेळेआधीच दारात येऊन बसतात. एसटीतल्या मावशींची हाडं बोलत होती, ते हेच.

साधी कळ असेल तर गोळी, थोडं चालणं आणि ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी. दोन-अडीचशे रुपयांत मिळते. इतक्या पिशव्यांच्या गोष्टी झाल्या, ही पिशवी तेवढी कुणी सुचवली नाही.

*

सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच २०१८ च्या मार्चात, महिला दिनी, अस्मिता योजना आली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. तेव्हा खात्याच्या मंत्री पंकजा मुंडे, म्हणजे बीड जिल्ह्यातल्याच परळीच्या. योजना चांगली होती, फक्त मुलगी शाळेत असायला हवी. दिवाळीनंतर आईबरोबर फडावर गेलेली मुलगी शाळेत नसते, कोपीवर धाकट्याला सांभाळत असते. जुलैत पॅडवरचा बारा टक्के जीएसटीही गेला. जी पॅड विकतच घेत नव्हती, तिचे त्यात किती वाचले, ते वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी काढावं.

पिशव्या काढल्याचा बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहातली एक. देशभराच्या आरोग्य पाहणीत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. त्याच वर्षी डिसेंबरात तेव्हाचे मंत्री नितीन राऊत यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की या बायकांना महिन्यातल्या चार दिवसांची मजुरी सरकारने द्यावी. सगळ्या कागदांत हा एकच कागद दुखण्याच्या मुळाशी गेला होता. बहुधा म्हणूनच तो कागदच राहिला.

बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून पाळीसाठी महिन्याला दोन दिवस रजा आहे. शहरातल्या काही कंपन्याही देतात, तिथे तिला पिरियड लीव्ह म्हणतात. ती दिली की कंपनीचं कौतुक छापून येतं. उसाच्या फडात त्याच रजेला खाडा म्हणतात आणि तो कौतुकाने वहीत मांडला जातो.

एक नियम मात्र झाला. बीड जिल्ह्यात आता खासगी दवाखान्याला पिशवी काढायची असेल, तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. चांगलं झालं. चार दिवस कोपीवर बसायला मात्र अजून मुकादमाचीच लागते.