आधी झिरो दाखवा

केळीचा भाव, विहिरीवरच्या लाइटची पाळी आणि पोराची सोयरीक या तीन विषयांवर रावेर तालुक्यात प्रत्येकाचं स्वतःचं मत असतं. विमानातल्या सीटवर मात्र अख्ख्या भाऊबंदकीचं एकच मत असतं, आणि ते अप्पांचं असतं.

अप्पा म्हणजे कृषी सेवा केंद्राचे मालक. खताच्या आणि औषधांच्या कंपन्या ठरलेला माल खपवणाऱ्या दुकानदारांना परदेश दाखवून आणतात. अशाच स्कीममधून अप्पांनी बँकॉक पाहिलं, दुबई पाहिली. पदरचे पैसे भरून गेलेला माणूस परत आल्यावर तिथल्या इमारतींबद्दल बोलतो. फुकट गेलेला माणूस हयातभर खर्चाबद्दल बोलतो. अप्पांना बुर्ज खलिफा किती उंच आहे ते सांगता येत नाही, पण तिथे पाण्याची बाटली केवढ्याला होती ते तोंडपाठ आहे.

त्यामुळे केळीला बरा भाव लागला त्या साली चार घरांनी मिळून सिंगापूरच्या क्रूझचा घाट घातला, तेव्हा सगळे पासपोर्ट आपोआप अप्पांच्या गल्ल्यात जमा झाले. रावेरहून रेल्वेने मुंबई, तिथून विमानाने सिंगापूर आणि पुढे जहाज. जहाजाच्या लाखांच्या आकड्यावर कुणी ब्र काढला नाही. वाद पेटला तो सीटच्या काही शे रुपयांवरून.

“सीटले पैसे कायले देतं भो? तिकीट काढलं म्हन्जे बसाले देतीनच नं! उभं थोडीच नेतीन?”

युक्तिवाद बिनतोड आहे. सीट निवडली नाही तर विमान कंपनी काही तुम्हाला खाली ठेवून जात नाही. ती आपल्या मनाने एक सीट देते, आणि तिच्या मनात बहुधा मधली असते. अप्पांना ते मान्य नाही. वेब चेक-इन उघडायच्या वेळी ते चारही घरांचे मोबाइल समोर मांडून बसतात आणि अंगठे चालवतात. निकाल असा, की धाकटे बंधू सहाव्या रांगेत, त्यांची मंडळी चोविसाव्या रांगेत आणि थोरल्या काकू थेट शेपटाजवळ. अप्पा याला यश म्हणतात, कारण एक रुपया गेला नाही. काकूही यश म्हणतात. लग्न झाल्यापासून काकांच्या शेजारी न बसता पाच-साडेपाच तास मिळण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

नियम मात्र अप्पांना खरंच ठाऊक असतात, हे कबूल केलं पाहिजे. 12 वर्षांखालच्या मुलाला आई किंवा बाप यांपैकी एकाच्या तरी शेजारी जागा द्या, असं विमान वाहतूक महासंचालनालयाने 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं. ते वाचल्यापासून अप्पा सगळ्या भाऊबंदकीत 11 वर्षांचं पोरगं शोधत होते. सापडलं ते नेमकं मे महिन्यात 12 पूर्ण झालेलं. त्याच्या बापावर अप्पा आजही मनातून नाराज आहेत.

आपत्कालीन दाराजवळच्या जागेचा किस्सा याहून बरा. तिथे पाय पसरायला ऐसपैस मिळतं, म्हणून अप्पांनी काउंटरवर गुडघेदुखीचं असं काही वर्णन केलं, की मागच्या रांगेतली एक बाई हळहळली. पण त्या जागेवर धडधाकट माणूसच बसवतात, कारण वेळ आली तर दार त्यालाच उघडावं लागतं. “तुम्हाला जमेल ना?” असं काउंटरवरच्या मुलीने विचारताच अप्पांचे गुडघे जागेवर बरे झाले. तिने तरीही मधलीच सीट दिली.

पण अप्पांची खरी कर्मभूमी म्हणजे काटा. निघायच्या आधी सगळ्या बॅगा त्यांच्या दुकानात येतात. युरियाच्या थप्पीशेजारी इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक बॅग चढते, आणि अप्पा न्यायाधीशासारखे बसतात. सामानाची बॅग 20 किलो, हातातली 7 किलो. “2018 साली सरकारनं युरियाची गोनी 50 ची 45 केली. पीक आलं का नाही? मंग तुमच्या बॅगीतून 5 काढले त तुमी काय मरता?” असं म्हणत ते बिबड्यांचा डबा बाहेर काढतात. खोबऱ्याच्या वाट्या दिसल्या की त्यांचा आवाज चढतो. सुकं खोबरं तेलामुळे तापून आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून सामानाच्या बॅगेत ते चालत नाही. 2022 पासून तशी बंदीच आहे. आपल्या फडताळात इतकी वर्षं स्फोटक ठेवलं होतं, हे ऐकून बायका काही वेळ गप्प होतात. फक्त केळीच्या वेफर्सपुढे अप्पा हरतात. वजनात धरावं तर भरत नाही आणि बॅगेत धरावं तर मावत नाही.

जड कपडे अंगावर घालायचे, हा त्यांचा पुढचा हुकूम. ऐन मे महिन्यात भुसावळच्या उन्हात ही मंडळी स्वेटर घालून डब्यात बसलेली असतात.

विमानतळावर बॅग पट्ट्यावर ठेवण्याआधी अप्पा हात आडवा घालतात. “मॅडम, आधी झिरो दाखवा.” केळी मोजताना व्यापाऱ्याच्या काट्याजवळ पाय रोवून ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांचा कुठल्याच काट्यावर विश्वास नसतो. मुलगी गोंधळून रिकामा पट्टा दाखवते. शून्य दिसतं. अप्पा मान डोलावतात, आणि मग कुठे कंपनीला वजन करायची परवानगी मिळते.

गंमत पुढे आहे. जहाजावर बॅगा कुणी मोजतच नाही. तपासायच्या यंत्रातून सरकवतात आणि खोलीत पोचवतात. जेवण तिकिटातच, कितीही वेळा घ्या. बसायला हवी ती खुर्ची. मलाक्काची सामुद्रधुनी डोळ्यांपुढे पसरलेली, आणि अप्पा डेकवर कासावीस. वाचवायला काहीच नाही! एकदा वायफायला वेगळे पैसे पडतात असं कळलं, तेव्हा तेवढ्यापुरती तोंडावर तरतरी आली. पण मुलांनी त्यांना न विचारताच ते घेऊन टाकलं होतं.

शेवटच्या रात्री मात्र ते पुन्हा फॉर्मात आले. जहाजाच्या रिवाजाप्रमाणे मोठ्या बॅगा रात्रीच खोलीबाहेर ठेवायच्या असतात, कर्मचारी त्या परस्पर बंदरावर उतरवतात. अप्पा टांगता काटा घेऊन बोळातून फिरले, चॉकलेटं या बॅगेतून त्या बॅगेत हलवली, पावशेर-पावशेराचे तह केले आणि मध्यरात्री समाधानाने झोपले.

सकाळी सिंगापूरच्या बंदरावर सगळे बूट-पँटीत उतरले. अप्पा पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात.

“अप्पा, पँट?”

“बॅगीत गेली रात्री,” अप्पा म्हणाले. “पन तिच्यासगट 19 किलो 800 भरली.”