चार दिव्यांचे दाजी

भर पावसात ताम्हिणी घाटातून चारही इंडिकेटर लुकलुकवत निघालेली गाडी दिसली, की खुशाल समजावं, आत कुणाचे तरी दाजी आहेत. आमच्याही घरात एक आहेत. जावई माणूस, त्यामुळे त्यांच्या ड्रायव्हिंगबद्दल ब्र काढायची सोय नाही.

मुळशी मागे पडते, पहिली सर येते आणि दाजींचं बोट डॅशबोर्डवरच्या लाल त्रिकोणाकडे जातं. दाबून दाबून तो त्रिकोण पुसट झालाय. बटण दाबलं की सुरक्षिततेचा विषय संपला. वेग तोच, पुढच्या गाडीशी अंतर तेच. घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हे जुन्या ड्रायव्हरांचं म्हणणं दाजींना मान्य नाही; ते उतारालाही चौथ्यातच. "आपण दिसलो पाहिजे. बाकी ज्याचं त्याने बघावं." आता चारही दिवे एकदम लुकलुकत असताना ही गाडी डावीकडे वळणार, उजवीकडे वळणार की थांबलेलीच आहे, हे मागच्याने ओळखायचं कसं? ते ज्याचं त्याने बघावं.

काच आतून धुरकटते. एसी लावला तर लगेच साफ होईल, पण "मायलेज पडतं." म्हणून पिवळं फडकं. मघाशी त्यालाच वडापावचे हात पुसलेले. त्यामुळे काचेवर तेल फिरतं आणि समोरच्या ट्रकचे दोन दिवे आठ दिसू लागतात. मग धुकं येतं. दाजी हेडलाइट अप्परला टाकतात. सगळा उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांत परत येतो. "बघ, एकदम वाढलं की नाही धुकं?" दाजी विजयी स्वरात विचारतात.

टायरचा विषय मी निघतानाच हळूच काढून पाहिला होता. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर नियमानेच बाद. त्या पाणी बाहेर फेकेनाशा झाल्या की चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगतं आणि ब्रेक नुसता नावाला उरतो. दाजींनी खाली वाकून खाचेत नख घातलं आणि निकाल दिला, "अजून एक पावसाळा निघतो."

पुढे ऐन वळणावर कणसांची टपरी दिसते. करकचून ब्रेक. अर्धी गाडी रस्त्यावर, अर्धी चिखलात. मागून एसटी कर्कश हॉर्न मारत जेमतेम बाजूने निघते. दाजी शांतपणे लाल त्रिकोण दाबून चारही दिवे बंद करतात.

"अहो, आता तरी असू द्या की चालू!" ताई ओरडते.

"थांबल्यावर कशाला? बॅटरी उतरेल."