नुसतंच 'गुड'

'गेस' या खेळात कॉम्प्युटर मनात एक आकडा धरतो आणि आपण तो ओळखायचा. चुकलं की कमी झाला की जास्त, एवढंच तो सांगतो. ओळखला की किती प्रयत्न लागले ते सांगतो आणि लगेच पुढचा आकडा धरतो. डेव्हिड आल यांच्या 'बेसिक कॉम्प्युटर गेम्स' या १९७८ सालच्या पुस्तकात हा प्रोग्रॅम आहे, जेमतेम चाळीस ओळींचा. पुस्तकाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. म्हणजे जगभरातल्या शाळकरी पोरांनी त्या चाळीस ओळी दप्तर बाजूला टाकून, दुधाचा पेला येईपर्यंत टाइप करून टाकल्या असणार. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मला काय अवघड?

'सॉफ्टवेअरमध्ये आहे' हे लग्नकार्यात सांगायला ठीक. प्रत्यक्षात मी दिवसभर कॉलवर असतो आणि उरलेल्या वेळात एक्सेलमध्ये चौकोन रंगवतो. आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग करणाऱ्या भाचीला हे पक्कं ठाऊक आहे. तिनं एकदा जेवताना, आमटी वाढून घेता घेता विचारलं, "मामा, तू स्वतः शेवटचा कोड कधी लिहिलास रे?" बायको हसली. आई हसली नाही, पण तिनं पाण्याचा पेला उचलून तोंडासमोर धरला.

म्हणून 'गेस'. आणि तो रस्ट या भाषेत. रस्टच का, तर मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलं की लोक माना डोलावतात, हे मी पाहिलं होतं.

मूळ प्रोग्रॅम ज्या जुन्या बेसिक भाषेत आहे, तिचा स्वभाव मोकळाढाकळा. प्रत्येक ओळीला नंबर, कुठूनही कुठंही 'गोटू' म्हणून उडी मारा, कोणी अडवत नाही. प्रयत्न मोजणाऱ्या 'जी'मध्ये एक मिळवायचा तर मिळवा. रस्टमध्ये 'जी'ची किंमत बदलायची असेल तर ती बदलणार आहे हे आधी लिहून द्यावं लागतं, नाहीतर प्रोग्रॅम तयारच होत नाही. मनात आकडा धरायलाही बाहेरून वेगळं पॅकेज आणावं लागतं, भाषेच्या घरात ती सोय नाही. कंपायलर मात्र चुका अत्यंत सौजन्यानं दाखवतो: बाण काढून, खाली सल्ला देऊन. इतक्या अदबीनं माझा अपमान ऑफिसातही कोणी केलेला नाही.

अखेर प्रोग्रॅम तयार झाला, चालवला, आणि पडदा कोरा. मी वाट पाहिली. चहा करून आणला. पडदा कोराच. झालं होतं असं, की एकपासून कितीपर्यंतचा आकडा धरायचा, म्हणजे मर्यादा किती ठेवायची, हा प्रश्न प्रोग्रॅमनं केव्हाच विचारला होता, पण ओळ पूर्ण होत नाही तोवर रस्ट ती पडद्यावर पाठवत नाही, आणि प्रश्नानंतर तर ओळ पूर्ण होणारच नव्हती. बघण्याच्या कार्यक्रमात मुलगा-मुलगी जशी समोरच्यानं आधी बोलावं म्हणून पोह्यांकडे बघत बसतात, तसे आम्ही दोघं बसलो होतो. अर्धी ओळ पाठवायची तर रस्टला 'फ्लश' म्हणून वेगळं सांगावं लागतं.

मग प्रश्न दिसला. मी ५० टाइप करून एंटर दाबलं. उत्तर आलं की यात अवैध अंक आहे. पाच की शून्य, ते सांगेना. दोन्ही अंक मला बालवाडीपासून वैध वाटत आले होते. अवैध होतं ते एंटर! रस्ट एंटरसुद्धा अक्षर म्हणून वाचून घेतो. ते आधी छाटायचं, मग आकडा करायचा.

भाची कॉलेजातून आली तेव्हा खेळ चालू होता. तिनं उभ्याउभ्याच पाहिलं. "अरे, हा तर रस्टच्या पुस्तकात दुसऱ्याच प्रकरणात आहे. एक ते शंभर. आख्खा कोड दिलाय." मी म्हणालो, माझ्यात मर्यादा आपली आपण ठरवता येते. "हो का," म्हणाली, आणि फ्रीज उघडायला गेली.

मग आई बसली. आईनं हयातभर शाळेत गणित शिकवलं. लॅपटॉपवर मी मराठी लिहितो, त्यामुळे कीबोर्ड मराठीवर होता, आणि तिच्या बोटांखाली उमटले ते देवनागरी १००. मेन थ्रेड पॅनिक झाल्याचं जाहीर करून प्रोग्रॅम आडवा. "मी काही केलं नाही हं," आई हात मागे घेत म्हणाली. मी जोशात एक फंक्शन लिहिलं: ० आला तर शून्य समज, १ आला तर एक समज, असं ९ पर्यंत. ते दाखवल्यावर भाचीनं आपल्या लॅपटॉपवर पायथनमध्ये एक ओळ टाइप केली. पायथनला देवनागरी १०० मुकाट्यानं कळले. तिच्या चेहऱ्यावर काही भाव नव्हते, तेच जास्त लागलं.

आई मात्र रंगली. पहिला आकडा ५०, मग ७५, पुढे निम्म्याचं निम्मं. शंभरातला कुठलाही आकडा असा सातात सापडतो, आणि मूळ प्रोग्रॅमलाही ते माहीत आहे. किती प्रयत्न पुरेत, ते तो मर्यादेच्या लॉगरिदमवरून काढून ठेवतो. तेवढ्याच प्रयत्नांत ओळखलं तर 'गुड', त्याहून कमी लागले तर 'व्हेरी गुड', जास्त लागले तर टोमणा, की एवढ्यात जमायला हवं होतं. मूळ कोडमध्ये ५८ नंबरच्या ओळीवर नुसतं 'व्हेरी' छापलंय आणि तिथून प्रोग्रॅम घरंगळत ६० वर येऊन 'गुड' म्हणतो. टोमण्यानंतर मात्र ५७ वरून उडी मारून हे 'गुड' टाळायचं असतं. ती उडी माझ्याकडून राहिली. त्यामुळे बायकोला नऊ प्रयत्न लागले तेव्हा तिला ऐकवलं गेलं, की सातात जमायला हवं होतं, गुड. "तुझाच प्रोग्रॅम शोभतो," ती म्हणाली.

या खेळाला शेवटच नाही. ६६ वी ओळ पुन्हा बाराव्या ओळीवर नेऊन सोडते, बाहेर पडायची सोय लेखकानं ठेवलेलीच नाही. मूळ संहितेशी इमान राखायचं म्हणून मीही ठेवली नाही. रात्री आईनं वैतागून लॅपटॉपचं झाकण मिटलं. सकाळी उघडलं तर कॉम्प्युटरनं मनात आकडा धरलेलाच होता.

शेवटी मीच तो बंद करून परत चालू केला. यावेळी आईनं मर्यादा दिली १. ओळखलेला आकडा १. प्रोग्रॅम म्हणाला, 'गुड'.

"पहिल्या फटक्यात ओळखला," आई म्हणाली. "आणि नुसतंच गुड? व्हेरी कुठाय?"

मी सांगितलं, मर्यादा एक असली की कमीत कमी प्रयत्नही एकच, एकाहून कमी प्रयत्नांत आकडा ओळखता येत नाही, त्यामुळे व्हेरी मिळणं गणितानं अशक्य आहे. गणिताच्या बाईंना हे मी सांगत होतो.

"ते मला कळतं," त्या म्हणाल्या. "तू व्हेरी घाल."