वीस गुणांचा नवरा

कॅनडा सरकारनं नवऱ्याची किंमत छापील ठरवून ठेवली आहे. तिकडे स्थायिक व्हायचं तर एक्सप्रेस एंट्री नावाची गुणपद्धत आहे, तिच्यात सोबत येणाऱ्या जोडीदाराचे जास्तीत जास्त 40 गुण: 10 शिक्षणाचे, 10 कॅनडात आधी नोकरी केली असेल तर, आणि 20 भाषेचे. आमच्या घरात मूळ अर्जदार बायको. ती नर्स, तिचं वय, अनुभव, इंग्रजी सगळं त्या तक्त्यात चपखल बसतं. मी नुसता ‘सोबत’. यवतमाळच्या कचेरीत बसून कॅनडातल्या नोकरीचा योग काही आला नव्हता, तेव्हा सगळी इभ्रत त्या 20 गुणांवर येऊन ठेपली.

इंग्रजीची मला भीती नव्हती. कचेरीत वरून इंग्रजी पत्र आलं की ते माझ्याच टेबलावर यायचं. मी दिलेलं उत्तर वरच्यांनाही उमगत नसावं, कारण त्यावर पुन्हा कधी विचारणा झाली नाही.

भाषेच्या गुणांसाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा म्हणजे आयईएलटीएस, तिचं केंद्र नागपूरला. एसटी कळंबवरून जाते, म्हणून तिथल्या चिंतामणी गणपतीला बसमधूनच हात जोडले. एक शंका मात्र मनात होतीच. 2019 च्या साहित्य संमेलनाच्या वेळी आयोजकांनी इंग्रजीत लिहिणाऱ्या नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं निमंत्रण देऊन परत घेतलं होतं. संमेलन आमच्या यवतमाळचं. इंग्रजी भाषेनं तेव्हापासून आमच्या गावावर डूख धरला असेल, तर तो निघायला मी आयताच सापडत होतो.

ऐकण्याच्या परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते. घरात तिसऱ्या हाकेला ओ देणाऱ्या माणसावर हा उघड अन्याय आहे. कुणी बाई फोनवर भाड्याच्या घराची चौकशी करत होती. खोल्या किती, एवढं मी लिहीपर्यंत तिनं घर घेऊन सामानही हलवलं.

लेखनात 250 शब्दांचा निबंध. शहरात खासगी गाड्यांवर बंदी घालावी का, आपलं मत मांडा. आता आमच्या खात्यात मत मांडायची पद्धत नाही. मी बंदीच्या बाजूनं लिहिलं, विरोधातही तितकंच लिहिलं, आणि शेवटी हात सवयीनं चालला: प्रकरण योग्य त्या निर्णयासाठी सविनय सादर.

बोलण्याची परीक्षा खरी माझी. वऱ्हाडातला माणूस बोलायला कमी पडल्याचं कुणी ऐकलंय? परीक्षक बाई अगदी अदबशीर. त्यांनी एक कार्ड दिलं, कागद-पेन्सिल दिली, विचाराला एक मिनिट दिलं. विषय: तुम्हाला आवडणारी एखादी शांत जागा. मी म्हटलं, आमचं जुनं रेल्वे स्टेशन. इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला टाकलेली नॅरोगेज, मूर्तिजापूरची शकुंतला. ती बंद पडल्यापासून तिथल्याइतकी शांतता जिल्ह्यात कुठे नाही. मग कापूस आला, कापसाचा भाव आला, शकुंतलेची किलिक-निक्सन कंपनी आली. गाडी अजून दारव्ह्यालाही पोचली नव्हती, तोच बाई म्हणाल्या, थँक्यू. दोन मिनिटं झाली होती. दोन मिनिटांत आमच्याकडे पाणीसुद्धा पुढे येत नाही.

निकाल आला. ऐकणं 5.5, वाचन 6.5, लेखन 5.5, बोलणं 6. कॅनडाचा अर्ज बघणाऱ्या एजंटानं तक्त्यावर बोट फिरवून बेरीज सांगितली: 20 पैकी 8. ऑस्ट्रेलियानं 1934 साली एगॉन किश या बहुभाषी पत्रकाराला बाहेर ठेवायचं म्हणून त्याची परीक्षा स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली होती, हे मी कुठेसं वाचलेलं बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, ‘‘तुम्हाला तर इंग्रजीच विचारलं ना?’’

पुढचं एजंटानं न विचारता सांगितलं. नवरा सोबत दाखवला, तर तिच्या स्वतःच्या वय-शिक्षण-भाषा-अनुभवाच्या गुणांची कमाल मर्यादा 460. सोबत दाखवलाच नाही, तर 500. म्हणजे मी सगळ्या विषयांत पैकीच्या पैकी मिळवून जी भर घातली असती, तेवढी जागा मी नुसता घरी बसलो तरी तिला मोकळी होत होती. खात्यात एवढ्या वर्षांत माझ्या गैरहजेरीची अशी कदर कुणी केली नव्हती.

‘‘अहो, तुम्ही मागून या,’’ बायको फार मायेनं म्हणाली. ‘‘ते म्हणतात, तसं चालतं.’’

‘‘मागून म्हणजे कधी?’’

ती फॉर्म भरत होती. उत्तर आईनं दिलं, तूर निवडता निवडता, ‘‘जाऊ दे तिले. सोंगणीले घरी एक माणूस पाहिजेच होता.’’