फेटा एकाचा, खुर्ची दुसऱ्याची

“बाई, आमचे हे रात्री बारापर्यंत मोबाईल बघत बसले. कोण तो व्हिएतनामचा जनरल जियाप म्हणं. कम्युनिस्ट. आधी शाळेत इतिहास शिकवायचा, मग सेनापती झाला, सेनापतीचा संरक्षणमंत्री झाला. मला म्हणतेत, आपल्याकडं असा एक तरी निघाला का?”

शेजारच्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. ‘इतिहास शिकवायचा’ एवढं कानावर पडलं आणि त्यांनी हातातली परडी खाली ठेवली. महालक्ष्म्या चार दिवसांवर, माझं घर झाडायचं पडलेलं. पण आता सुटका नव्हती.

“निघाला की. सांग त्यांना. फक्त एका माणसात मावला नाही. तिकडं एकट्यानं केलं, इकडं दोघांत वाटून झालं. सेनापती नाना पाटील आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. एक येडेमच्छिंद्रचा, एक देवराष्ट्रेचा. तेव्हा सगळा सातारा जिल्हा, आता सांगलीत गेलाय तो भाग.”

“नाना पाटील म्हणजे ते पत्री सरकारवाले?”

“तेच. तुझा जियाप मास्तर, तर आमचे नाना तलाठी. लढाईच्या शाळेचं तोंड दोघांनी बघितलेलं नाही. नानांनी 1930च्या चळवळीत नोकरी सोडली, ती सोडलीच. सातबारा लिहिणारा माणूस, त्यामुळं गावात कोण कुणाला कसा लुबाडतो ते त्याला तोंडपाठ. 1943 ते 46 कुंडलच्या बाजूला यांचं स्वतःचं सरकार चालायचं बघ. निवाडे गावातच. लग्नं बिनखर्चाची. जी. डी. बापू लाडांची तुफान सेना. शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली, धुळ्याकडं खजिना लुटला. नानांच्या डोक्यावर इनाम लागलेलं आणि नाना काही सापडेनात. कसे सापडतील? ज्या घरात पोलीस विचारायला जायचा, त्याच घरात भाकरी खाऊन गेलेले असायचे.”

“आणि यशवंतराव?”

“तेही बेचाळीसला भूमिगतच होते. पण पकडले गेले. कुठं सांगू? फलटणला. बायको आजारी म्हणून बघायला गेले, तिथं.”

“अगंबाई!”

“जून 1942मध्ये लग्न, ऑगस्टमध्ये चळवळ, आणि बायकोची, वेणूताईंची, पहिली संक्रांत कुठं तर तुरुंगात. हळदीचे हातसुद्धा नीट वाळले नसतील पोरीचे. तब्येत ढासळली ती कायमची. मूलबाळ झालं नाही. पुढं नवरा दिल्लीत मोठमोठ्या खात्यांचा मंत्री झाला ते सगळे बघतात. त्याची किंमत कुणी भरली ते कुणी विचारत नाही.”

बाईंचा आवाज चढला की मी गप्प बसते. पण मुद्द्याचं राहिलंच होतं. “बाई, मंग सेनापतीलाच कामून नाही केलं संरक्षणमंत्री?”

“कारण स्वातंत्र्य आल्यावर नाना सरकारच्या बाजूला राहिलेच नाहीत. शेतकरी कामगार पक्षात गेले, तिथून कम्युनिस्ट पक्षात. आता ह्यातली गंमत ऐक. बेचाळीसला कम्युनिस्ट पक्षच चळवळीच्या विरोधात होता. रशिया इंग्रजांच्या बाजूनं लढत होता ना, म्हणून त्यांना ते लोकयुद्ध. ज्यांनी नानांच्या लढ्याला पाठ दाखवली, त्यांच्याच पक्षात नाना गेले. आणि यशवंतराव? ते 1932ला तुरुंगात गेले, तिथं मार्क्स वाचला, मानवेंद्रनाथ रॉयांच्या विचारानं भारावून गेले, आणि शेवटी राहिले काँग्रेसमध्येच. म्हणजे मार्क्स वाचला यशवंतरावांनी आणि कम्युनिस्ट झाले नाना!”

मला हसू आवरेना. पलीकडच्या गल्लीतल्या आजींनी सुद्धा मान वर करून बघितलं.

“हसू नको. मला तरी वाटतं नानांना पोथ्यांशी देणंघेणं नव्हतं. सावकाराच्या समोर कोण उभं राहतंय, एवढंच बघायचे. 1957ला संयुक्त महाराष्ट्राची लाट आली. यशवंतराव द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर साताऱ्यातून कम्युनिस्ट नाना लोकसभेत निवडून गेले. यशवंतराव स्वतः कराडला कसेबसे तगले. बरं, आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला तो 1 नोव्हेंबर 1956ला, आणि यशवंतराव मुख्यमंत्री झाले तेही त्याच दिवशी. तेव्हा आपण त्यांच्या पदरात पडलो का ते आपल्या, ते तूच ठरव.”

“आणि ते संरक्षणमंत्री?”

“1962. चीन आत घुसला, कृष्ण मेनन गेले, नेहरूंनी यशवंतरावांना बोलावलं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असं लोक म्हणायचे. शपथ घेतली 21 नोव्हेंबरला. त्याच दिवशी चीननं लढाई थांबवल्याचं जाहीर केलं. काही लोक म्हणाले, बघा यांचा पायगुण. पायगुण कसला! पुढची चार वर्षं फाटलेलं सैन्य शिवत बसले ते. आता तुझ्या पोराच्या भाषणाचा माणूस इथं येतो, नीट ऐक.”

आमच्या बारक्याचं 17 सप्टेंबरला शाळेत भाषण आहे, मुक्तिसंग्राम दिनाचं. तो पायरीवर बसून सगळं ऐकायलाच होता, पेन्सिल तोंडात.

“सप्टेंबर 1948. निजाम ऐकत नाही, रझाकारांनी गावं जाळलेली. पैनगंगेच्या पलीकडं उमरखेडला आपल्या लोकांची छावणी. नदीच्या अलीकडं निजाम, पलीकडं वऱ्हाड. फौज आत आली तिच्या पुढं मेजर जनरल जयंतनाथ चौधरी. निजामाचा सेनापती अल इद्रूस शरण आला तो ह्या चौधरींना. पुढं वर्षभर चौधरीच हैदराबादचे लष्करी गव्हर्नर. आणि त्यांनी काम काय हाती घेतलं? तेलंगणातल्या कम्युनिस्टांच्या मागं लागले. निजामाशी हत्यार घेऊन लढलेली तीच माणसं, आता सरकारच्या फौजेशी लढायला लागली.”

“म्हणजे आपल्याला सोडवणारेच त्यांना पकडणारे?”

“तेच. आणि हेच चौधरी नोव्हेंबर 1962मध्ये, यशवंतराव दिल्लीत आले त्याच आठवड्यात, लष्करप्रमुख झाले. 1 सप्टेंबर 1965ची संध्याकाळ. पाकिस्तानचे रणगाडे छांबमध्ये शिरलेले. चौधरी आणि हवाई दलाचे अर्जन सिंग यशवंतरावांसमोर उभे. विमानं पाठवायची का? आपण सकाळी भाजी कोणती करायची ते ठरवायला जेवढा वेळ लावतो ना, त्याच्या आत त्यांनी हो म्हटलं. पठाणकोटहून विमानं त्याच संध्याकाळी उडाली. मंत्र्याला एवढी हिंमत कुठून येते? माझं म्हणणं, बेचाळीसच्या भूमिगतपणातून. वरून हुकूम यायची वाट बघत बसलं की माणूस पकडला जातो, हे ते तिथंच शिकले.”

“फलटणला तर पकडलेच गेले की.”

“ते बायकोसाठी. ते माफ.”

मग बाई पुन्हा नानांकडं वळल्या. बोलणं यशवंतरावांचं चाललेलं असलं तरी मन तिकडंच होतं, हे माझ्या लक्षात आलं. “1967ला नाना पुन्हा लोकसभेत गेले. कुठून, माहीत आहे? बीडमधून! साताऱ्याचा माणूस, आणि निवडून दिला निजामाच्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी. कम्युनिस्ट म्हणून. फेटा, धोतर, हातात काठी. तेव्हा यशवंतराव देशाचे गृहमंत्री झालेले. एकाच सभागृहात दोघं, पण बाकं समोरासमोर. 6 डिसेंबर 1976ला नाना गेले. मंत्रिपद नाही, काही नाही.”

“पोरंबाळं?”

“हौसाताई, त्यांची लेक. आई लहानपणीच गेली, बाप परागंदा, घरदार सरकारजमा; आजीनं वाढवली. आणि ती पोर काय निघाली! भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर मारहाणीचं सोंग काढलं. ही ओरडायली, रडायली. पोलीस सोडवायला बाहेर धावले, इकडं बाकीच्यांनी चौकीतल्या बंदुका उचलून नेल्या. 2021ला गेल्या, नव्वदी ओलांडून. खरं तर संरक्षणमंत्री तिलाच करायला पाहिजे होतं.”

“बाई, जियापचं पुढं काय झालं? ह्यांना झोप लागली, शेवट बघितलाच नाही.”

“1954ला दिएन बिएन फूला फ्रेंचांना हरवलं. तोफा सुट्या करून माणसांनी डोंगरावर ओढत नेल्या होत्या. पुढं अमेरिका. 1980पर्यंत संरक्षणमंत्री राहिला. मग पक्षातल्यांना नकोसा झाला. आणि एवढ्या मोठ्या सेनापतीला काम काय दिलं सांगू? कुटुंब नियोजनाच्या समितीचा अध्यक्ष केला.”

“काय सांगता!”

“खरंच. पण माणूस चिवट. 102 वर्षं जगला, 2013मध्ये गेला, तेव्हा हनोईच्या रस्त्यावर माणूस मावेना. अपमान करणाऱ्यांची नावं आता मलाही आठवत नाहीत, आणि मी इतिहासाची मास्तरीण.”

जाता जाता बाईंनी नांदेडचे शंकरराव चव्हाणही घुसडले. तेही त्या उमरखेडच्या छावणीवर होते आणि 1984ला काही महिने संरक्षणमंत्री. “म्हणजे निजामाशी भांडलेला माणूससुद्धा त्या खुर्चीत बसून गेलाय, हेही सांग तुझ्या नवऱ्याला.”

तेवढ्यात बारक्या उठला. “आई, मी भाषणात पोलीस चौकीचं सांगणार. बंदुका पळवल्या ते.”

“अरे, पण भाषण मराठवाड्याचं आहे,” बाई म्हणाल्या. “साताऱ्याची चौकी आणि इंग्रजांचे पोलीस. त्यात निजाम कुठाय?”

“निजाम तुम्ही घाला ना बाई.”

बाईंनी मला विचारलं, दोन मिनिटं आहेत ना भाषणाला? मी म्हटलं, तीन. “मग बसतंय,” म्हणाल्या, आणि त्याची वही कुंपणावरून मागून घेतली.